शंभर ओहमच का?

बारामती-इंदापूर भागातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक 'बॅटरी एलिमिनेटर' पाहिला. 6 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, 1000 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि त्यांच्यामध्ये 100 ओहमचा रेझिस्टर. जोडणी नेटकी होती. चार सेलवर चालणारा रेडिओ त्यावर हळू आवाजात छान वाजे; आवाज वाढवला की बोल फाटत आणि रेडिओ गप्प होई. "100 ओहमच का घेतलास?" असे विचारल्यावर मुलगा म्हणाला, "पुस्तिकेत तसंच आहे, सर."

ती पुस्तिका आम्ही मागून घेऊन वाचली. आकृती सुबक आहे, कपॅसिटरची धन-ऋण टोके ठळक दाखवली आहेत, 230 व्होल्टच्या बाजूबद्दल सावधगिरीची सूचनाही आहे. उणीव एकच, पण मुळावरची : रेझिस्टरची किंमत दिली आहे, ती किती प्रवाहासाठी हे मात्र सांगितलेले नाही.

आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. त्यामुळे चार डायोडांच्या जोडणीनंतर पहिल्या कपॅसिटरवरील दाब सेकंदाला 100 वेळा वरखाली होतो. रेडिओ 100 मिलिअँपिअर घेत असेल, तर हा चढउतार सुमारे 1 व्होल्ट भरतो. तोच 'घूंऽऽ' असा ऐकू येतो. या चढउताराला दुसऱ्या कपॅसिटरचा अडथळा जेमतेम 1.6 ओहम असतो. म्हणून मध्ये 10 ओहम घातले तर घरघर सुमारे सहापट घटते, 100 ओहम घातले तर साठपट. एवढ्यापुरती पुस्तिका बरोबर आहे.

पण रेझिस्टर उपयोगी प्रवाहालाही अडवतो. 6 व्होल्टचे शिखरमूल्य साडेआठ. दोन डायोडांत 1.4 गेले की उरतात सुमारे 7. शंभर ओहममधून 100 मिलिअँपिअर न्यायचे तर 10 व्होल्ट हवेत. मुळात सातच असताना दहा आणायचे कुठून? हळू आवाजाला 20 मिलिअँपिअर पुरतात, तेव्हा 2 व्होल्टच खर्च होतात. म्हणून रेडिओ वाजे. 10 ओहम घेतल्यास मोठ्या आवाजातही 1 व्होल्टच जातो. उष्णता 0.1 वॉट, म्हणजे पाव वॉटचा रेझिस्टर पुरतो; मात्र प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते आणि तो पुरत नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तिकाकाराला ठाऊक असणे शक्यच नव्हते. ऊस भिजवताना विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावातला दाब उतरतो. तो 180 व्होल्टवर आला, तर वरच्या सातचे सव्वापाचच उरतात. तिथे 10 ओहमही जास्त ठरू शकतो. हे गावातच मोजावे लागते.

म्हणून शिक्षकांनी क्रम उलटा करावा. आधी रेडिओ किती प्रवाह घेतो ते मुलांनी मोजावे. मग किती व्होल्ट गमावणे परवडेल ते ठरवून त्याला प्रवाहाने भागावे. नंतर 10, 47 आणि 100 ओहम आळीपाळीने लावून दाब वहीत लिहावा, घरघर कानांनी ऐकावी. 230 व्होल्टची बाजू बंद पेटीत असावी आणि शिक्षक जवळ असावेत.

त्या मुलाने शेवटी 10 ओहमचा रेझिस्टर लावला. किंचित घरघर उरली. ती का उरली, हे मात्र त्याला सांगता आले. परीक्षकांनी गुण द्यायचे ते याला.