खेकड्याचा श्लेष

आंतरजालावरील 'मीम' या प्रकाराला थट्टा म्हणून बाजूला सारणे समीक्षेला सोयीचे असते. चीनमधील एक खेकडा मात्र ही सोय नाकारतो. हू जिंताओ यांच्या राजवटीत, 2004 मध्ये, 'सुसंवादी समाज' ही घोषणा पुढे आली. नको तो मजकूर पुसला गेला की तो 'सुसंवादी केला गेला', असे लोक उपरोधाने म्हणू लागले. पुढे हा शब्दही गाळला जाऊ लागला. तेव्हा केवळ सुराने वेगळा असलेला 'नदीचा खेकडा' हा शब्द त्याच्या जागी आला. चित्रांत त्याने तीन घड्याळे घातलेली असतात. जियांग झेमिन यांच्या 2000 मधील 'तीन प्रतिनिधित्वे' या सिद्धान्तातील 'प्रतिनिधित्व' आणि 'घड्याळ घालणे' यांचा चिनी उच्चार एकच आहे.

आपल्या श्लेषात दोन्ही अर्थ एकाच शब्दरूपात नांदतात. येथे एक अर्थ लिपीत आहे, दुसरा कानात. आणि शब्दांच्या यादीवर चालणारा सेन्सॉर लिपीच वाचतो. (अरसिक वाचकाचा इतका उपयोग काव्यशास्त्रानेही कल्पिला नसेल.) त्याने खेकडा ओळखून गाळला, तर व्यंग्यार्थावर शिक्कामोर्तब तोच करतो.

तरीही या टीकेची मर्यादा उघड आहे. काहीतरी पुसले गेले, एवढेच खेकडा सांगतो. काय पुसले, ते नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये चिनी शहरांतील निदर्शकांनी कोरे कागद हाती धरले, तेव्हा पुसले जाणेच उरले होते; श्लेष नव्हता, हसूही नव्हते.