गरजेपुरती शिकार

सिएरा लिओन, लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या पावसाळी जंगलांत एक दुर्मीळ वेल वाढते. तिचे नाव ट्रायफिओफायलम पेल्टेटम. नावाच्या पहिल्या शब्दातच तीन पाने आहेत आणि या वेलीचा सारा अर्थ त्या तीन पानांत सामावला आहे.

पहिले पान साधे, भाल्याच्या पात्यासारखे लांबट. तेव्हा वेल म्हणजे जेमतेम हातभर झुडूप असते. नजर सहज तिच्यावरून निघून जाईल.

दुसऱ्या पानापाशी मात्र पाऊल थबकते. पाते जवळजवळ नाहीसे होऊन मध्यशीर तेवढी उरते. ती गुंडाळी सोडत लांबत जाते आणि तिच्यावरच्या ग्रंथी चिकट थेंब धरून उभ्या राहतात. कासच्या पठारावर वाकून दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती पाहिलेल्यांना ही चमक ओळखीची वाटेल. पण दवबिंदूचे तंतू किड्यावर झुकतात, ही वेल जागची हलत नाही. किडा चिकटतो आणि पाचकरसांत विरघळतो. तिचा हा मांसाहार १९७९ मध्ये सिद्ध झाला.

काही आठवड्यांत ही पाने सुकतात. मुळात ती निघतात कशामुळे, हे २०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी उलगडले: स्फुरद कमी पडले की वेल शिकारीची पाने काढते, नत्र किंवा पालाश कमी पडल्याने नाही. नेमक्या भुकेला नेमके उत्तर, हेच मला तिचे खरे सौंदर्य वाटते.

तिसऱ्या पानाच्या टोकाला दोन आकडे असतात. त्यांच्या आधाराने वेल झाडे चढत उजेडात पोचते. सह्याद्रीतली अँसिस्ट्रोक्लेडस हेनिअनस ही तिच्या नात्यातली वेलही आकड्यांनीच चढते. तिचे आकडे मात्र फांद्यांवर असतात.

वर पोचल्यावरचे फळ तर विलक्षणच. ते लवकर उघडते आणि बिया बाहेर, उघड्या हवेत वाढतात. लांब दांड्यावर पातळ, गोल चकती, जणू छोटी छत्रीच. 'पेल्टेटम' म्हणजे ढालीसारखे, ते या चकतीवरून.

वारा ती छत्री कुठेतरी नेऊन टाकतो. तिथल्या मातीत स्फुरद पुरेसे असेल, तर ते रोप दुसरे पान न काढताही वाढेल. शिकारीची विद्या त्याच्यात असेल, पण मिटलेली.