माजूर कुणाला म्हणायचे?

उर्दूत अपंग माणसाला 'माजूर' म्हणतात. 'उज्र' या अरबी शब्दाशी त्याचे नाते आहे. उज्र म्हणजे सबब, अडचण. ज्याची अडचण मान्य झाली, ज्याला सवलत मिळाली, तो माजूर. फिकहच्या किताबांत या शब्दाचा अर्थ नेमका आहे. उभे राहता येत नसेल तर बसून नमाज पढा, बसता येत नसेल तर पडून पढा. इबादत सुटत नाही, तिची पद्धत बदलते. आपल्या मोहल्ल्यांत मात्र हा अर्थ हळूहळू उलटा झाला आहे. तुम्हाला सवलत आहे, म्हणजे तुम्ही येऊ नका. शादीला येऊ नका, जलशाला येऊ नका, शाळेत नाही आलात तरी कुणी विचारणार नाही. सवलत देता देता आपण माणूसच गाळून टाकला.

शब्द बदलून हे सुटत नाही. अंध माणूस दिसला की त्याला कुरआन पाठ असो वा नसो, 'हाफिजजी' म्हणायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. अपंगचा विकलांग झाला आणि २०१६ पासून सरकारी कागदांवर दिव्यांग झाला. या शब्दांनी मान मिळतो, जागा मिळत नाही.

या दृष्टीने दोन आत्मचरित्रे शेजारी ठेवून वाचावीत असे मला वाटते. एक इजिप्तचे, एक कोल्हापूरचे.

ताहा हुसेन (१८८९–१९७३) यांच्या 'अल-अय्याम'चा पहिला भाग १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आला. लहानपणी डोळे आले, न्हाव्याने उपचार केले आणि दृष्टी गेली. लेखक हे दोन-चार ओळींत आटोपतो. ज्या प्रसंगावर तो रेंगाळतो तो दस्तरखानावरचा आहे. सगळे भाऊबहीण जेवायला बसलेले. मुलाच्या मनात येते, घास एका हाताने न घेता दोन्ही हातांनी घेतला तर? तो तसे करतो. भावंडे हसतात, आईला रडू येते, वडील हलक्या, दुःखी आवाजात समजावतात. त्या दिवसापासून मुलगा पातळ पदार्थ सोडतो, भात सोडतो, चमच्याने खायचे सगळेच सोडतो. लोकांसमोर आपले हसे होऊ नये म्हणून.

इथे ताहा हुसेन सुमारे नऊशे वर्षे मागे जातात आणि अंध कवी अबुल अला अल-मअर्री याची आठवण काढतात. काकवीसारखे काही खाताना त्याच्या छातीवर सांडले आणि एका शिष्याने ते दाखवून दिले. मअर्रीने तो पदार्थ कायमचा सोडला आणि पुढे तो आडोशाला एकटाच जेवू लागला. १९१४ मध्ये ताहा हुसेन यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तोही याच मअर्रीवर. विद्वत्तेचा विषय निवडतानाही तो घास त्यांच्या मनात असावा, असे मला नेहमी वाटते.

दुसरा प्रसंग अल-अजहरच्या प्रवेश परीक्षेचा. घरात मुलाच्या आंधळेपणाचा उल्लेख कुणी तोंडावर करत नसे. इथे परीक्षक त्याला 'आंधळ्या' म्हणूनच पुढे बोलावतो आणि उत्तीर्ण झाल्यावर त्याच शब्दात दुआ देऊन पाठवतो. घरचे मौन आणि अजहरची ती हाक, दोन्हींत मुलगा एकटाच पडतो. ही गोष्ट लेखक ओरडून सांगत नाही. 'मी' न म्हणता 'तो मुलगा', 'आपला मित्र' असे म्हणत राहतो. आपल्याच दुःखापासून दोन पावले दूर उभे राहण्याची ही तऱ्हा मराठी आत्मकथनांत क्वचित दिसते. हाच मुलगा १९५० मध्ये इजिप्तचा शिक्षणमंत्री झाला आणि शिक्षण हवापाण्याइतके सर्वांचे असले पाहिजे, हा आग्रह त्याने धरला.

नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' वेगळ्या वाटेने जाते. ऐन किशोरवयात कमरेखालचे शरीर निकामी झाले, त्यानंतर शिक्षण, सेंट्रल एक्साइजमधली नोकरी, स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांची भेट आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'ची स्थापना. पुढे घरौंदा वसतिगृह, समर्थ विद्यामंदिर, सिंधुदुर्गातला काजूचा उद्योग. पुस्तकाचा ओघ व्यक्तीकडून संस्थेकडे जातो. जागा, पैसा, परवानग्या यांचा हा भाग साहित्याच्या रसिकाला कोरडा वाटेल. मला तोच महत्त्वाचा वाटतो. मअर्रीने आडोसा शोधला. इथे एक बाई आपल्यासारख्या इतरांना बाहेर आणायला घर बांधते.

या पुस्तकाबद्दल बोलताना बहुधा 'जिद्द' हा एकच शब्द वापरला जातो. इंग्रजी अनुवादाच्या नावातही 'इनक्रेडिबल स्टोरी' आले. नवल म्हटले की वाचकाची जबाबदारी संपते. आपण टाळ्या वाजवून घरी जायला मोकळे. मराठी नाव तसे नाही. ते एका वस्तूचे नाव आहे, आणि ती वस्तू पायरीपाशी अडते. मग प्रश्न खुर्चीवरच्या बाईच्या जिद्दीचा राहत नाही, पायरी बांधणाऱ्याचा होतो. मुस्लिम मराठी आत्मकथने मोजताना हे पुस्तक आपल्या ओठांवर चटकन येत नाही. त्यात तलाक, दंगल, जमातवाद यांपैकी काही ठळक नाही म्हणून की काय, कोण जाणे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा एक जुना धागा आहे. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध सहाबी. 'अबस' सूरहचा संदर्भ त्यांच्याशी जोडला जातो, ते मदिनेत अजान देत, हे आपल्या मुलांनाही माहीत असते. सहीह मुस्लिममध्ये एका अंध माणसाची हदीस आहे. तो माणूस म्हणजे हेच, असे मानले जाते. मशिदीत घेऊन येणारे कुणी नाही, तेव्हा घरीच नमाज पढू का, असे त्याने विचारले. आधी परवानगी मिळाली. तो निघाल्यावर हुजूर (स.) यांनी त्याला परत बोलावून विचारले, अजान ऐकू येते का? हो म्हणताच, मग या, असे सांगितले. उलेमांनी याचे निरनिराळे अर्थ लावले आहेत आणि सवलत रद्द झाली असे बहुतेक मानत नाहीत. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. पण मला त्यात ऐकू येते ते इतकेच, की ज्याला अजान ऐकू येते तो हिशेबातून वगळलेला नाही. आणि त्याने यायचे असेल तर वाट कुणीतरी मोकळी ठेवायला हवी.

ही वाट आता कायद्यानेही मागितली आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. या नव्या कायद्याच्या व्याख्येत 'सार्वजनिक इमारत' म्हणजे केवळ कचेरी किंवा शाळा नाही, लोक धार्मिक कामासाठी वापरतात ती इमारतही आहे. जुन्या इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, पाच वर्षांची मुदत होती. ती कधीच संपली. रमजानात जकातीच्या पैशांतून तीनचाकी वाटायच्या, फोटो काढायचे आणि ईदला त्याच तीनचाकीने मशिदीच्या पायऱ्यांपाशी थांबायचे, हे मी पाहते. खैरात करणाऱ्यांच्या नियतीवर मला शंका नाही. वजूखान्याला कठडा आणि दाराला उतार बांधायला एका तीनचाकीपेक्षा फार जास्त खर्च येतो असेही नाही. पण उतारासोबत फोटो काढता येत नाही.

शाळांचीही गत तीच. बी.एड.ला समावेशक शिक्षण शिकवतात, आणि कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. वर्ग खाली आणा म्हटले की वेळापत्रकाची सबब पुढे येते. उज्र इथेही आहेच, फक्त तो मुलाचा नाही.

आपल्या कथा-कादंबऱ्यांत अपंग पात्र येते ते दर्ग्याच्या पायरीवर दुआ देत, नाहीतर नायकाच्या दयाळूपणाचा पुरावा म्हणून. मटणाच्या दुकानात तोलावरून भांडणारी, मुलीच्या रिश्त्यात खोट काढणारी, जमातच्या निवडणुकीत पडलेली व्हीलचेअरवरची बाई मला आपल्या लेखनात अजून भेटलेली नाही. 'चाकाची खुर्ची'नंतर ती लिहिणे अवघड नव्हते.