प्रस्तावातील ‘पर्यंत’

जुना पंखा काढून कमी वीज घेणारा पंखा बसवावा, म्हणून विक्रेते ग्राहकापुढे जे मराठी प्रस्ताव ठेवतात, त्यांतील ‘साठ टक्क्यांपर्यंत बचत’ हा प्रयोग उपेक्षणीय नाही. ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय कमाल मर्यादा दाखविते. ग्राहक मात्र ते निश्चित परिमाण समजतो. शिवाय ‘कशापेक्षा’ हे पद बहुधा गाळलेलेच असते. जुना पंखा ७५ वॅटचा व नवा ३० वॅटचा, एवढे सांगितले की तुलना पूर्ण होते व कोणासही ती पडताळता येते. परंतु बचत किती हे तासांवर अवलंबून आहे. वर्षातील ३०० दिवस पंखा रोज १० तास चालला तर १३५ युनिट वाचतात. २ तासच चालला तर अवघी २७. टक्के मात्र दोन्हीकडे साठच! ‘जर’चे वाक्य गाळून नुसते ‘वाचेल’ लिहिणारा प्रस्तावकार हा हिशेबच गाळीत असतो. छताच्या पंख्यांवर २०२३ पासून सक्तीचे झालेले तारांकनही येथे अपुरे पडते. ते दर वॅटमागे मिळणाऱ्या हवेवरून ठरते. ग्राहकाच्या घरचे तास त्यात येत नाहीत. ते प्रस्तावकारानेच विचारावयास हवेत, आणि उत्तर मिळाल्यावर वाक्यात ‘पर्यंत’ योजण्याचे प्रयोजन उरत नाही.