व्युत्पत्तिकोश, मराठी
शब्दाचे मूळ आणि त्याच्या रूपात व अर्थात झालेले बदल नोंदविणारा कोश म्हणजे व्युत्पत्तिकोश होय. केवळ ध्वनिसादृश्यावर बेतलेली व्युत्पत्ती ग्राह्य नसते. मधली रूपे, ध्वनिपरिवर्तनाचे नियम व लेखी पुरावा यांचा तिला आधार लागतो. ‘हस्त–हत्थ–हात’ व ‘दुग्ध–दुद्ध–दूध’ या मालिकांना एकच नियम लागू पडतो : प्राकृतात संयुक्त व्यंजनाचे द्वित्व होते आणि मराठीत ते एकेरी होऊन आधीचा स्वर दीर्घ होतो. याउलट, मुळशी परिसराला लागू असलेल्या ‘मावळ’ या प्रदेशनामाचा ‘मावळणे’ या क्रियापदाशी लावला जाणारा संबंध अर्थदृष्ट्या पटतो. परंतु अर्थ जुळणे म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध होणे नव्हे.

इंग्रजीतही ही शिस्त हळूहळू आली. नेथन बेली यांच्या कोशात (१७२१) व्युत्पत्ती होत्या. पण त्यांना तुलनात्मक भाषाशास्त्राची बैठक लाभली, ती वॉल्टर स्कीट यांच्या कोशात (१८७९–८२).

मराठीत मोल्सवर्थ यांच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृ. १८५७) शब्दांपुढे मूळ भाषांच्या खुणा दिल्या, मधला प्रवास मात्र दाखविला नाही. वि. का. राजवाडे यांचे धातुकोश (१९३७) व नामादि शब्द व्युत्पत्तिकोश (१९४२) मरणोत्तर प्रसिद्ध झाले. त्यांचा आवाका थक्क करणारा आहे. तथापि बहुतेक शब्द संस्कृत धातूंपर्यंत नेण्याच्या आग्रहामुळे अनेक व्युत्पत्ती ओढूनताणून आणल्यासारख्या वाटतात. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीविषयक फ्रेंच ग्रंथाने (१९२०) ध्वनिनियमांची चौकट सिद्ध केली. कृ. पां. कुलकर्णी यांच्या मराठी व्युत्पत्ति कोशाने (१९४६) हा विषय सामान्य वाचकाच्या हाती दिला, हे त्याचे मोठे श्रेय होय.

तथापि, बरो–एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश (१९६१), टर्नर यांचा इंडो-आर्यन तुलनात्मक कोश (१९६६) आणि तुळपुळे–फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) ही साधने त्यानंतरची आहेत. ‘अक्का’, ‘अण्णा’ हे शब्द द्राविडी शेजाराची, तर ‘घमेले’, ‘चावी’ पोर्तुगीज संपर्काची साक्ष देतात. ‘बटाटा’ पोर्तुगीजांमार्फत आला. पण त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरील भाषेत आहे. मराठीचा इतिहास एकाच उगमातून वाहत आलेला नाही, हे असे शब्द दाखवितात. म्हणून मराठीच्या नव्या व्युत्पत्तिकोशाने ही सर्व साधने एकत्र आणून प्रत्येक शब्दाचा आद्य उल्लेख कालनिर्देशासह द्यावा आणि पुरावा अपुरा असेल तेथे ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे. अशी नोंद कोशाचे वैगुण्य नसून त्याच्या विश्वसनीयतेची खूण होय.