सागरी सूक्ष्मजीवाश्म आणि दख्खनच्या लाव्हाचे कालमापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्याची भूमी दख्खनच्या बेसाल्टची असून येथे पृष्ठभागावर सागरी गाळाचे खडक नाहीत. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे (हे गाव १९८२ पर्यंत तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात होते) घेतलेल्या विंधनछिद्रात सुमारे ३३८ मीटर बेसाल्टखाली अवघा ८ मीटर गाळ व त्याखाली आद्य खडक आढळला. तरीही या लाव्हाच्या वयाची एक महत्त्वाची साक्ष समुद्रातील सूक्ष्म जीवांनी दिली आहे. त्या साक्षीचे मूल्यमापन येथे अभिप्रेत आहे.

मांडणीचे बळ :
गेर्टा केलर, सुनील बाजपेयी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये राजमहेंद्रीच्या खाणींतील व २००९ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही ठिकाणी हा गाळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये आहे. त्यात प्रारंभीच्या डॅनियन काळातील प्लवक फोरॅमिनिफेरा मिळाले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर हे जीव झपाट्याने बदलत गेले. त्यामुळे त्यांच्या कवचांवरून गाळाचा काळ काही लाख वर्षांच्या अचूकतेने सांगता येतो. या पुराव्याचे महत्त्व निर्विवाद आहे.

मर्यादा :
मात्र जीवाश्म गाळाचे वय सांगतात, लाव्हाचे नव्हे. खालचा लाव्हा गाळाहून जुना व वरचा नवा, एवढेच त्यातून सिद्ध होते. लाव्हा थिजल्यानंतर गाळ साचेपर्यंत किती काळ लोटला, हे कळत नाही. उद्रेकाचा मुख्य टप्पा महाविनाशाच्या सीमेपाशी संपला, हा निष्कर्ष राजमहेंद्रीच्या लाव्हाची सह्याद्रीतील लाव्हाशी घातलेल्या सांगडीवर उभा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र किरणोत्सारी कालमापनांनी सीमेनंतरही मोठे उद्रेक झाल्याचे दाखविले. त्यांपैकी आर्गॉन पद्धतीच्या अभ्यासानुसार तर बहुतांश लाव्हा सीमेनंतरचा ठरतो. पहिला निष्कर्ष त्यामुळे जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

झिलमिलीचा दुसरा निष्कर्षही तपासणे अगत्याचे आहे. तेथे सागरी फोरॅमिनिफेरांसोबत गोड्या व मचूळ पाण्यातील ऑस्ट्रॅकोड सापडतात आणि सागरी खूण थराच्या लहानशा भागापुरतीच आहे. समुद्राचे पाणी तेथवर पोहोचले, हे मान्य करावे लागते. परंतु भारताच्या मध्यातून विस्तृत सागरी मार्ग जात होता, असे म्हणण्यास वाटेवरील आणखी स्थळांची साखळी हवी.

निष्कर्ष :
सूक्ष्मजीवाश्मांचे स्थान कमी लेखण्याचे कारण नाही. किरणोत्सारी पद्धत लाव्हाचे वय देते; त्या काळी पाणी खारे होते की गोडे, हे मात्र जीवाश्मच सांगतात. महाविद्यालयीन अध्यापनात या संशोधनाचा उल्लेख करताना ‘काय सापडले’ आणि ‘त्यावरून काय अनुमानले’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. बालाघाटच्या डोंगररांगांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या पायाखालच्या खडकाचे वय सांगताना तर हा विवेक अपरिहार्य ठरतो.