व्यापारशाळेने लिहिलेली कादंबरी

दिवाळी अंकातल्या टीकालेखात कथा, कविता, फार तर नाटक यांचा समाचार घ्यायचा, असा आपला रिवाज आहे. एका हाताने चकली मोडीत दुसऱ्या हाताने अंक चाळणाऱ्या वाचकापुढे कुणी व्यापारशिक्षणाचा ग्रंथ मांडला, तर तो मुकाट्याने पान उलटणार हे मला ठाऊक आहे. तरी थोडे थांबावे अशी विनंती आहे. गेल्या वर्षभरात ज्या थोड्या पुस्तकांत मला हाडामांसाची माणसे भेटली, त्यांतले एक अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये झालेल्या संशोधनातून आलेले आहे. नाव ‘मॅनेजमेंट अँड द वर्कर’, साल १९३९, पृष्ठे सहाशेंहून अधिक. लेखक दोघे : हार्वर्डचे रोथलिसबर्गर आणि ज्या कंपनीत हे सारे घडले त्या कंपनीतले डिक्सन.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात व्यवस्थापनशास्त्र शिकतो. ग्रंथ त्यानेच आणून दिला आणि वर म्हणाला, “सर, परीक्षेला हे दोन ओळींत येतं.” त्या दोन ओळी अशा : कामगारांकडे कुणी आस्थेने लक्ष दिले की ते अधिक काम करतात, यालाच हॉथॉर्न परिणाम म्हणतात. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला त्या इंग्रजीतून वाट काढायला सहा महिने लागले. पण त्या दोन ओळी आणि ही सहाशे पाने यांत केवढे अंतर आहे ते दिसले, आणि ते दिसल्यावर गप्प बसवेना.

हॉथॉर्न हा शिकागोला लागून असलेल्या सिसेरो गावातला टेलिफोनचे सामान बनविणारा अवाढव्य कारखाना. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा. भर भरात असताना तिथे चाळीस हजारांच्या घरात माणसे राबत. १९८३ साली तो बंद झाला. तिथे १९२४ मध्ये एक साधा प्रश्न घेऊन प्रयोग सुरू झाले : दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते काय? उजेड वाढवला, काम वाढले. कमी केला, तरी वाढले. तुलनेसाठी ज्या गटाचा उजेड मुळीच बदलला नव्हता, त्याचेही वाढले. शेवटी दोन मुली जवळजवळ चांदण्याइतक्या उजेडात काम करीत राहिल्या आणि त्यांचे काम घटेना. पंडित चक्रावले.

मग एप्रिल १९२७ मध्ये पाच मुलींना एका वेगळ्या खोलीत बसवले. रिले म्हणजे टेलिफोनच्या यंत्रातला एक छोटा भाग. त्याचे तीस-पस्तीस बारीक तुकडे हाताने जुळवायचे. मिनिटाला साधारण एक रिले. दिवसभर हेच. या मुलींना कधी पाच मिनिटांची विश्रांती दिली, कधी दहा, कधी सकाळचे खाणे, कधी अर्धा तास आधी सुट्टी. अधूनमधून डॉक्टरी तपासणी होई, त्या दिवशी आइस्क्रीम आणि केक मिळे. काम वाढत गेले. पुढे साऱ्या सवलती एकदम काढून घेतल्या, तरी ते पूर्वीच्या पातळीवर उतरले नाही. एकंदर वाढ तीस टक्क्यांच्या आसपास. १९२८ पासून हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यात लक्ष घालू लागले आणि या साऱ्याला तत्त्वज्ञान मिळाले : माणूस केवळ पैशासाठी राबत नाही, त्याला आपुलकी हवी असते.

एका रात्री जेवणे झाल्यावर मी हा भाग घरात मोठ्याने वाचून दाखवीत होतो. आमच्या सौ. भांडी आवरता आवरता म्हणाल्या, “अहो, पण त्या पोरींना पैसे जास्त मिळत होते की नाही, ते सांगा आधी.”

मिळत होते. हे ग्रंथातच आहे आणि तिथेच विसरले जाते. पूर्वी या मुलींची मजुरी शंभरेक जणींच्या मोठ्या विभागाच्या कामावर ठरे. एकटीने कितीही हात चालवला तरी तिच्या पाकिटात त्याचा अंशही पडत नसे. नव्या खोलीत पाचजणींचाच वेगळा हिशेब धरला. कष्ट आणि पगार यांची गाठ प्रथमच दिसेल अशी पडली. पुढे दुसऱ्या एका गटात बाकी काही न बदलता नुसती ही मजुरीची पद्धत आणली, तेव्हा काम बारा टक्क्यांच्या आसपास वाढले. आणि विभागातल्या इतरांना ते खुपू लागले म्हणून तो प्रयोग काही आठवड्यांतच गुंडाळावा लागला.

आणखी एक गोष्ट आहे. त्या पाचजणींपैकी दोघी ‘फार बोलतात, सहकार्य करीत नाहीत’ म्हणून जानेवारी १९२८ मध्ये परत पाठवल्या गेल्या आणि त्यांच्या जागी दोन चपळ मुली आल्या. आपुलकीची महती गाणाऱ्या प्रयोगातून दोन मुलींना बोलण्यावरून बाहेर काढावे, यातली विसंगती मेयोसाहेबांच्या चाहत्यांना कशी जाणवली नाही याचे नवल वाटते. नव्या आलेल्या दोघींत एक होती क्रमांक दोनची. हो, ग्रंथात मुलींना नावे नाहीत, क्रमांक आहेत. ही इटालियन कुळातली मुलगी. तिच्या घरी मृत्यू झाले, घराचा भार तिच्यावर येऊन पडला, आणि तीच साऱ्या खोलीची गती ठरवू लागली. मी कादंबरीकार आहे. मला ही मुलगी सहाशे पानांच्या आरपार दिसते. तिला विश्रांतीची पाच मिनिटे नको होती असे नाही, पण तिचे बोट चालत होते ते घरच्या चुलीसाठी. दोन ओळींच्या उत्तरात तिला जागाच नाही.

उजेडाच्या त्या पहिल्या प्रयोगांची मूळ आकडेवारी हरवली असे पुष्कळ वर्षे समजले जाई. शिकागो विद्यापीठातल्या लेविट आणि लिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ती शोधून काढून पुन्हा तपासली आणि २०११ मध्ये आपला निष्कर्ष छापला. उजेडातले बदल रविवारी केले जात. म्हणजे तुलना व्हायची ती शनिवारच्या कामाशी सोमवारच्या कामाची. आणि सोमवारी काम एरवीही जास्तच होई, दिवा बदलो वा न बदलो! प्रसिद्ध दंतकथेतले बरेचसे कौतुक त्या एका वारात विरघळले.

अशा दंतकथांचे आपल्यालाही वावडे नाही. मुंबईच्या डबेवाल्यांवर याच हार्वर्डच्या शाळेने २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो लिहिणारे थॉम्के हे प्राध्यापक डोळस आहेत. मावळ, जुन्नर, आंबेगाव, खेड इथून आलेली, एका बोलीची, एका चालीरीतीची माणसे, छोट्या टोळ्या, टोळीत मिळकतीची सारखी वाटणी, आणि डोक्यावर लोकल गाडीच्या वेळापत्रकाचा धाक, हे त्यांनी नीट टिपले आहे. पण आपल्या भाषणांतून आणि व्हॉट्‌सॲपवरून फिरते ते निराळेच : लाखो डब्यांत एखादी चूक होते, म्हणून ‘फोर्ब्ज’ने सिक्स सिग्माचे प्रमाणपत्र दिले. १९९८ साली त्या मासिकात लेख आला होता खरा. परंतु असले कोणतेही प्रमाणपत्र दिलेले नाही, लेखात तो शब्दही नव्हता, असा खुलासा तो लिहिणाऱ्या पत्रकारानेच पुढे केला. खुलासा कुणी वाचला नाही. वाशाला सायकल लावून दादरच्या पुलावर पळणारा मावळातला गडी आपल्याला पुरेसा वाटला नाही. त्याला साहेबाचे शिफारसपत्र हवे झाले. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा ते शिफारसपत्र कुणाच्या पोटाला आले नाही.

पण मी ग्रंथावर टीका करायला बसलो आहे. फक्त दोषच दाखवीन तर तो अन्याय होईल. १९२८ ते १९३० या काळात त्या कारखान्यातल्या एकवीस हजारांहून अधिक माणसांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. आरंभी ठरीव प्रश्न होते. माणसे त्या प्रश्नांना उत्तरे देता देता भलतीकडेच जात : घर, सासर, मुलाचे आजारपण, मुकादमाचा तोरा. संशोधकांचे मोठेपण असे की, त्यांनी प्रश्न बाजूला ठेवले आणि ऐकायला सुरुवात केली. अर्ध्या तासाच्या मुलाखती दीड तासाच्या झाल्या. एका बाईने खानावळीतल्या जेवणाविषयी तोंडभर तक्रार केली आणि काही दिवसांनी जेवण सुधारल्याबद्दल मुलाखतकाराचे आभार मानले. जेवण होते तेच होते. एकीला एका वरिष्ठाचा मनस्वी तिटकारा येई. बोलता बोलता तिच्याच ध्यानात आले की तो आपल्या सावत्र बापासारखा दिसतो. असली वाक्ये मला कुणी उसनी दिली तर मी आनंदाने एक कथा लिहीन.

आणि मग येतो चौथा भाग. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२. एका खोलीत चौदा पुरुष : नऊजण तारा जोडणारे, तिघे डाख देणारे, दोघे तपासनीस. कोपऱ्यात एक निरीक्षक बसून दिसेल ते टिपतो आहे, एवढाच काय तो प्रयोग. कंपनीने नगावर मजुरी ठेवलेली; जास्त कराल तर जास्त मिळेल. तरी चौदाजणांनी न बोलता ठरवून टाकले होते की, दिवसाला दोन संच पुरेत. कुणी त्याहून अधिक केले की त्याला ‘वेगाचा राजा’ वगैरे पदव्या मिळत, आणि दंडावर एक सणसणीत ठोसा. फार कमी केले तरी चालत नसे, आणि वर चुगली करणारा तर मेलाच. जास्त झालेले काम लपवून उद्याच्या खात्यावर टाकत. कामाची अदलाबदल करायला बंदी होती, म्हणून ती रोज होई. मुकादम दुसरीकडे पाहत असे. पुढच्या बाजूची टोळी चॉकलेट खाई, मागच्यांची आवड वेगळी. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून भांडणे. एक तपासनीस जरा तोऱ्यात वागू लागला, तर सर्वांनी मिळून त्याला इतके सतावले की त्याला हलवावे लागले. सर्वांत कमी काम करणारा जो गडी, तो बुद्धीच्या चाचणीत पहिला आला होता!

कुठल्याही शाळेतल्या मास्तरांना ही खोली ओळखीची वाटेल. सर्व उत्तरे पटापट देणाऱ्या मुलाला मागच्या बाकावरून जो चिमटा बसतो तो याच ठोशाचा धाकटा भाऊ. अर्थशास्त्राच्या पुस्तकात माणूस एकटा बसून नफातोटा मांडतो. इथे तो शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत मांडतो. व्यापारशाळेने ही गोष्ट इतक्या बारकाईने टिपली याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे.

परंतु याच ठिकाणी ग्रंथकारांशी माझा खरा झगडा आहे. तुम्ही काम का आवरता, असे विचारल्यावर ती माणसे सांगत : फार केले तर दर उतरवतील, किंवा काहींना घरी बसवतील. ग्रंथकार यावर म्हणतात की, या माणसांना तसा प्रत्यक्ष अनुभव नव्हता. म्हणून ही तर्काची गोष्ट नसून भावनेची, टोळीच्या रीतीची आहे. वाचताना मी साल पुन्हा पाहिले. १९३१-३२! अमेरिकेत मंदीचा कहर होता. त्याच कारखान्यातून हजारो लोक कमी झाले होते, उरलेल्यांचे तास घटवले होते. आणि हे निरीक्षण मे १९३२ मध्ये संपले तेही काम उरले नाही म्हणून! ज्या माणसाच्या शेजारचे बाक रोज रिकामे होते आहे, त्याच्या सावधगिरीला ‘भावना’ म्हणायला कारखान्याबाहेरचा पगार लागतो. कोपऱ्यातल्या निरीक्षकाने सारे पाहिले, खिडकीवरचे भांडण पाहिले, चॉकलेट मोजले. पण खिडकीबाहेर त्याने पाहिले नाही. कादंबरीकाराकडून ही चूक झाली असती तर आपण त्याला क्षमा केली नसती. त्या चौदाजणांना विचारले असते तर बाहेरचे त्यांनीच सांगितले असते. किंबहुना त्यांनी सांगितलेच होते.

ग्रंथ कुणाच्या हाती लागलाच, तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. आलेख आणि कोष्टके यांनी जीव मेटाकुटीला येतो. चौथा भाग उघडावा, तारा जोडणाऱ्या त्या नऊजणांना ओळखून घ्यावे (त्यांनाही नावे नाहीत, डब्ल्यू-१ ते डब्ल्यू-९ एवढेच), आणि मग मागे वळून मुलींच्या खोलीत यावे. तिथे क्रमांक दोनची अजून रिले जुळवीत बसलेली आहे.